व्याह्यांचा जपानी डाव

पत्त्यांचा डाव हा चारित्र्य सुधारण्याचा मार्ग आहे, असे देवळाच्या पायरीवर उभे राहून, दोन्ही कानांच्या पाळ्या धरून सांगणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. कालव्याच्या पाण्यावरून माणसे किती तऱ्हांनी खोटे बोलतात हे निवृत्तीपर्यंत ऐकले. त्यामुळे माणसाची पारख आपल्याला आहे असा माझा समज होता, आणि मुलीचे लग्न ठरवण्याआधी मी इंदापुराहून कोऱ्हाळे बुद्रुकला जाऊन रीतसर चौकशीही केली होती. द्राक्षबाग चांगली. मुलगा इंजिनिअर. घरात आवाज फक्त मुलाच्या वडिलांचा, परंतु तो तीन घरांना पुरेल एवढा. व्यसनाचे विचारले तेव्हा पारावरच्या प्रत्येकाने एकच उत्तर दिले, "पूर्वी पत्तं खेळायचं. आता शपत हाय." त्या शपथेचा तपशील मला लग्नानंतर समजला, आणि तो समजल्यावाचून माझ्या व्याह्यांचा काहीच उलगडा होणार नाही.

विहीणबाईंचे माहेर आमच्या इंदापूर तालुक्यातले. लग्नात त्यांच्या आईने त्यांच्याबरोबर एक कालवड दिली होती. ती विहीणबाईंनी हाताने चारा घालून वाढवली, ती गाभण राहिली, आणि एका पोळ्याच्या दुपारी व्याही ती तीन पानीच्या डावात हरून आले. विहीणबाई भांडल्या नाहीत. त्यांनी गोठ्यातले रिकामे दावे सोडले, गुंडाळून पिशवीत ठेवले, मुलाला कडेवर घेतले आणि माहेरची गाडी धरली. व्याही मागोमाग गेले. सासऱ्यांच्या ओसरीवर मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सांगितले, "ह्या हातानं पुन्यांदा पत्त्याला शिवणार न्हाय." विहीणबाई म्हणाल्या, "शिवलात तर मी पुन्यांदा हितं यीन. मंग न्यायला येऊ नगा." एवढ्यावर दोघे परत गेले. त्या हरलेल्या गाईचे वासरू गावात दुसऱ्याच्या दारात मोठे झाले आणि विहीणबाई रोज त्या दारावरून पाण्याला जात राहिल्या. असे दृश्य समोर असल्यावर शपथ टिकते.

व्याह्यांनी ती पाळली, परंतु कोणतीही गोष्ट बेताने करणे त्यांच्या स्वभावात नाही. माझ्या मुलीच्या लग्नात जानवसघरी त्यांच्याकडचे तरुण पत्ते कुटत बसले होते. व्याही सारी दुपार दाराबाहेर, खोलीकडे पाठ करून, उन्हात खुर्ची टाकून बसले. मात्र आतून पान आपटल्याचा आवाज आला की न वळता म्हणत, "राणी टाकलीस व्हय रं? आता रडशील." आणि आतला रडे. घरातल्या एका लहान मुलाने पत्त्यांचा बंगला केला आणि तो पंख्याच्या वाऱ्याने कोसळला, तेव्हा यांनी स्वयंपाकघरातून चिमटा मागवून एकेक पान चिमट्याने उचलून दिले. लोकांना या गोष्टीचे कौतुक वाटले. मला त्या चिमट्याची काळजी वाटली. शपथ हाताची आहे आणि पान हाताशिवायही उचलता येते, हे त्या मनुष्याच्या ध्यानात आले होते.

पुढे त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी जपानात नागोया येथे राहायला गेली. नातू होणार म्हणून व्याही आणि विहीणबाई तीन महिन्यांसाठी तिकडे गेले. विहीणबाईंना बाळंतिणीचे काम होते. व्याह्यांना काम नव्हते, आणि तिथे मोठ्याने बोलायची सोय नव्हती. आगगाडीत कोणी बोलत नाही, जिन्यात कोणी बोलत नाही, शेजारी शिंकला तर तो क्षमा मागतो. मुलगी फोनवर सांगे, "बाबा, मामंजी खिडकीपाशी बसून कोऱ्हाळ्याच्या बाजूला तोंड करून खाकरतात." अखेर त्यांना शेजारचा एक निवृत्त जपानी गृहस्थ भेटला. व्याह्यांना गावात आबा म्हणतात, म्हणून तेही त्याला जपानी मानाचे 'सान' जोडून 'आबासान' म्हणू लागले. तो जपानी बोले, हे कोऱ्हाळ्याचे मराठी बोलत, आणि दोघांचे उत्तम जमले. माझ्या अनुभवाप्रमाणे एकमेकांचे बोलणे समजत नसेल तर मैत्री पुष्कळ दिवस टिकते. दोघे रोज सकाळी फिरायला जात. एके दिवशी आबासान यांना एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. दार उघडले तर आत हिरवी मेजे, आणि मेजाभोवती पत्ते खेळणारी माणसे.

यापुढचे मी व्याह्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की ते मीच पाहिले असावे असे वाटते. "पाव्हणं," ते सांगत, "मी आदी मागचं दार कुठं हाय ते बघितलं. म्हटलं, धाड पडली तर नातू व्हायच्या आत आजा आत जायचा." परंतु तिथे पळण्यासारखे काही नव्हते. पैसे लावून खेळणे हा त्या देशात गुन्हा आहे. त्यामुळे त्या क्लबात आत शिरताना चहापाण्याएवढी वर्गणी द्यायची, रंगीत चकत्या घ्यायच्या, पोकर नावाचा डाव खेळायचा आणि जाताना चकत्या परत करायच्या. जिंकलेल्याला घरी न्यायला काहीही मिळत नाही. कचेरीतली तरुण मुले, शिकवण्या घेणारी एक बाई, एक दंतवैद्य असे सारे सभ्य लोक, आणि पाने वाटायला पांढऱ्या सदऱ्यातली मुलगी. बसताना वाकून नमस्कार. उठताना वाकून नमस्कार. आणि जिंकणारा हरणाऱ्याची हलक्या आवाजात माफी मागतो. "आपल्याकडं जिंकलेला हरलेल्याच्या आयला आठवतो," व्याही म्हणत, "आन तिथं माफी मागत्यात! मी म्हटलं, ह्यो जुगार न्हाय, ही पूजा हाय."

मात्र आबासान परतताना ओठावर बोट ठेवी, याचे त्यांना नवल वाटले. मुलाला विचारल्यावर कळले की आबासानची बायको तो बागेत फिरतो असे समजते. पैसा नसला तरी पत्ते ते पत्तेच. भल्या घरच्या, नोकरीत नाव कमावलेल्या माणसाने त्या जिन्यावर दिसू नये, असे जुन्या लोकांना तिथेही वाटते. तरुणांना तो बुद्धीचा खेळ वाटतो, म्हाताऱ्यांना भानगड वाटते. आणि त्याच रस्त्यावर पाचिंको नावाच्या लोखंडी गोळ्यांच्या यंत्रांचे भले मोठे दुकान दिवसाढवळ्या खणखणत असते. तिथे जिंकलेल्याला वस्तू मिळते, ती कोपऱ्यावरच्या खिडकीत दिली की रोकड मिळते, आणि ती खिडकी कायद्याला दिसत नाही. घोड्यांच्या शर्यती सरकार स्वतः भरवते. हे सारे समजून घेतल्यावर व्याह्यांना फार हलके वाटले. "म्हंजी आपल्यासारखंच हाय की हो सगळं," ते म्हणाले. "निस्तं वाकत्यात जास्त."

पहिला आठवडा व्याही त्या क्लबात मेजाकडे पाठ करून बसले. लोकांना वाटले, ही भारतातली काही ध्यानाची पद्धत असावी. मग त्यांची नजर टॅक्सीचालकांवर गेली. तिथले चालक हातात पांढरे स्वच्छ हातमोजे घालतात. व्याह्यांनी दुकानातून तसा एक जोड घेतला, तो घालून मेजावर बसले आणि पाने उचलली. हात पत्त्याला शिवला नाही. शपथ शाबूत. जपानी लोकांनी मात्र याचा वेगळाच अर्थ लावला. पाने मळू नयेत म्हणून हातमोजे घालून येणारा खेळाडू त्यांनी त्या शिस्तीच्या देशातही पाहिला नव्हता. पाने वाटणारी मुलगी त्यांच्यापुढे इतरांपेक्षा वीतभर जास्त वाकू लागली. आबासानने त्यांना या डावाचे मर्म फोनवरच्या भाषांतराने समजावले. हातात दोन झाकलेली पाने, मध्ये सर्वांसाठी पाच उघडी, आणि खरे काम चेहऱ्याचे. पाने नसताना असल्याची हूल द्यायची आणि चेहऱ्यावर सुरकुतीही हलू द्यायची नाही. जन्मभर एक्का आला की मांडी बडवणारे माझे व्याही तीन महिन्यांत जपानी शिकले नाहीत, परंतु जपानी चेहरा शिकले. आणि जिंकू लागले. कोऱ्हाळ्यात उमेदीच्या वर्षांत एकही डाव धड न जिंकलेला मनुष्य नागोयात दंतवैद्याला हरवू लागला. याचे कारण त्यांनी सज्जनांची संगत असे लावले. खरे कारण पुढे येईलच.

परत आले ते मिशनरी होऊन. द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये सतरंजी अंथरून त्यांनी रविवारी दुपारचा जपानी डाव सुरू केला. चकत्या पाहिजेत म्हणून ठिबकच्या नळ्यांचे करवतीने काप काढले. जाडी नळी मोठ्या मोलाची, बारकी नळी किरकोळ मोलाची. गावातले चार समवयस्क गोळा केले, प्रत्येकाला हातमोजे वाटले आणि नियम सांगितले. पैसा नाही. ओरडणे नाही. बसताना उठताना नमस्कार. जिंकणाऱ्याने माफी मागायची. पहिला अर्धा तास चौघांनी ऐकून घेतले. मग त्यांच्यातला एक निवृत्त एस.टी. कंडक्टर म्हणाला, "आबा, समदं पटलं. पर पैसं कवा लावायचं?"

"लावायचंच न्हायत."

"म्हंजी शेवटाला हिशेब?"

"हिशेब न्हाय."

"मंग जिंकून करायचं काय?"

"माफी मागायची."

कंडक्टरने इतर तिघांकडे पाहिले. "जपानात जाऊन आल्यापास्नं आबाला जरा इश्रांती पायजे," तो म्हणाला. परंतु पुढच्या रविवारी तोच सर्वांत आधी आला.

अडचण आतल्यांची नव्हती, बाहेरच्यांची होती. बारामती एमआयडीसीतली पोरे पाळी संपवून मोटारसायकलवर शेडवरून जात. पाच म्हातारे पांढरे हातमोजे घालून एकमेकांना वाकून नमस्कार करताना त्यांनी पाहिले, आणि आठवडाभरात पंचक्रोशीत बातमी झाली की कोऱ्हाळ्यात जपानी जुगाराचा अड्डा आहे, डाव येन नावाच्या पैशात होतो, आणि बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून हातमोजे वापरतात. वडगाव निंबाळकरहून दोन गडी पैसे घेऊन खेळायलाही आले. त्यांना नमस्कार करून परत पाठवण्यात आले. त्यामुळे तर खात्रीच पटली. ज्या अड्ड्यावर बाहेरच्याला घेत नाहीत तो मोठा अड्डा असतो.

एका रविवारी हवालदार आले. शेडचे दार ढकलले तेव्हा पाचही जण उठून वाकले, कारण दारात कोणी आले की वाकायचे हा नियम होता. हवालदार क्षणभर गोंधळून स्वतःही थोडे वाकले. मग सावरून त्यांनी सतरंजी उचलली, खिसे पाहिले, द्राक्षांची खोकी उघडली.

"पैसं कुठंयत?"

"न्हायत सायब."

"लपवलं कुठं?"

"लावतच न्हाय."

हवालदारांनी ठिबकच्या नळीचा एक काप उचलून उजेडात धरला. "ह्येचं काय येतं?"

"काय येत न्हाय. शेवटाला पोत्यात घालतो."

"मंग खेळताय कशाला?" हवालदार खरोखर चिडले. जुगाराचा पंचनामा त्यांना येत होता. पैशावाचून पत्ते खेळणाऱ्या पाच माणसांचे काय लिहायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. घरातल्या जबाबदार माणसाला समज द्यावी म्हणून ते सरळ व्याह्यांच्या घरी गेले आणि विहीणबाईंना म्हणाले, "मावशी, मालकास्नी सांगा, पत्तं खेळायचं तर नीट तरी खेळा म्हणावं."

विहीणबाईंनी हवालदारांना चहा दिला. व्याह्यांनी हातमोजे फवारणीसाठी आणले आहेत असे सांगितले होते आणि दर सोमवारी त्या ते धूत होत्या. कप विसळून ठेवला. फडताळातून ते जुने दावे काढले, पिशवीत घातले आणि एस.टी.त बसल्या.

त्यांचे भाऊ आता राहिले नाहीत. माहेरच्या घराला कुलूप. म्हणून त्या आमच्या दारात उतरल्या. "दादा," त्या मला म्हणाल्या, "माहेर म्हणून आले. चार दिस ऱ्हाते." मुलाकडच्या विहिणीचा मान काय असतो हे वाचकांना सांगायला नको. तिला केव्हा जाणार असे विचारता येत नाही, काम करू देता येत नाही आणि पानात तेच ते वाढता येत नाही. लग्नात विहीण रुसली नाही याचा आम्ही पतिपत्नींनी वर्षानुवर्षे अभिमान मिरवला होता. ती आता रुसली होती, आणि आमच्याच घरात येऊन रुसली होती. आमच्याकडे पुरणपोळी झाली, श्रीखंड झाले, पुन्हा पुरणपोळी झाली. माझी पत्नी स्वयंपाकघरातून मला विचारी, "काही बोलल्या का?" मी मान हलवी. विहीणबाई सोप्यात बसून दाव्याचा पीळ उलगडत आणि पुन्हा घालत. शिवाय त्या मला दादा म्हणाल्यामुळे मी एकाच वेळी व्याह्यांचा व्याही आणि मेव्हणा झालो होतो. पहिल्या नात्याने त्यांचे स्वागत करणे भाग होते, दुसऱ्या नात्याने त्यांना दारात उभे करणे भाग होते.

दहा-बारा दिवसांनी ते आले. न्यायला येऊ नका अशी ताकीद असल्यामुळे उंबऱ्याबाहेर थांबले. त्यांच्या हातात नळ्यांच्या कापांचे पोते होते. आवाज पार खाली गेला होता. आमच्या गल्लीत त्यांचे येणे शेजाऱ्यांना ऐकू आले नाही, असे तेव्हा प्रथमच घडले. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "तुमी खात्यातलं मानूस. तुमीच सांगा. पैसा लावला न्हाय. हात लावला न्हाय. शपत कुठं मोडली?"

मी म्हणालो, "आत या. हा प्रश्न मला विचारू नका."

त्यांनी आत येऊन तोच प्रश्न विहीणबाईंना विचारला. त्यांनी हातातले दावे बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "मांडा."

"काय?"

"तुमचा डाव. माझ्यासंगं मांडा. जिंकलात तर बॅग उचलते. हरलात तर एकट्यानं गाडीला बसायचं."

व्याह्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांनी तो जपानी केला. सोप्यात सतरंजी पडली. त्यांनी हातमोजे चढवले, नमस्कार केला. विहीणबाईंनी केला नाही. दोघांना दोन-दोन पाने, सारखे काप. मी आणि माझी पत्नी भिंतीला टेकून बसलो. मला आयुष्यात पत्त्यांत रस नव्हता. त्या दुपारी आमच्या घरातले घड्याळ मला ऐकू येत होते. व्याह्यांनी नियम सांगायला सुरुवात केली तेव्हा विहीणबाईंनी हात वर केला. "तुमास्नी पान लागलं का न्हाय, येवढंच मला कळाय पायजे न्हवं? बास." त्यांनी स्वतःची पाने उचललीदेखील नाहीत.

पहिला डाव. व्याही दगडासारखे. त्या चेहऱ्यावरून त्यांच्याकडे चार एक्के आहेत की चार रिकामी पोती आहेत हे ब्रह्मदेवालाही कळले नसते. त्यांनी मूठभर काप पुढे सरकवले. विहीणबाई म्हणाल्या, "हूल हाय." पाने उलटली, खरोखर काही नव्हते. दुसऱ्या डावात त्यांनी थोडेच काप सरकवले. विहीणबाईंनी आपली न पाहिलेली पाने पालथीच सारली. "ह्ये घ्या तुमचं. लागलंय तुमास्नी." तेही खरे. तिसरा, चौथा, तसेच. व्याह्यांच्या कपाळावर घाम आला, परंतु चेहरा हलला नाही. त्या चेहऱ्याने दंतवैद्य हरला होता. पोत्यातले सगळे काप विहीणबाईंच्या पुढ्यात जमले तेव्हा मी सवयीप्रमाणे खाली पाहिले. पाटाची गळती शोधताना मी नेहमी खाली पाहत असे. आणि मला दिसले. व्याही मांडी घालून बसले होते. उजवे पाऊल मांडीखालून बाहेर आले होते, आणि त्यांनी हूल दिली की त्या पावलाचा अंगठा उभा राहून दोनदा मान डोलवी, दिलेल्या शब्दाला साक्ष राहिल्यासारखा.

क्षणात सारा उलगडा झाला. जपानात खुर्च्या, मेजाखाली पाय, पायात बूट. कोऱ्हाळ्यात सतरंजी आणि अनवाणी पावले. तरुणपणी तीन पानीच्या डावात गावातल्या प्रत्येकाला तो अंगठा ठाऊक असणार. ती गाय व्याही हरले नव्हते, ती अंगठ्याने दिली होती.

व्याही रिकाम्या सतरंजीकडे पाहत राहिले. "हरलो," ते म्हणाले, आणि रीतीप्रमाणे वाकले. मग सवयीने चप्पल शोधायला उठले. एकट्याने गाडीला बसायचे होते. त्या वेळी त्यांचा चेहरा जपानी राहिला नव्हता. मी खिडकीबाहेर पाहिले.

"बसा खाली," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी त्यांचा एक हात पुढे ओढला आणि बोटाबोटाने हातमोजा काढला. मग दुसरा. "दर सोमवारी धुत हुते मी ह्ये. फवारनीचा वास येत न्हाय हे मला कळत न्हाय व्हय? म्हटलं, कवा तरी सोता सांगतील." त्यांनी जोड घडी करून कापांच्या पोत्यात टाकला. "खेळायचं तर उघड्या हातानं खेळायचं. घरात. माझ्याम्होरं. शेडात लपून न्हाय."

"आन शपत?"

"माझी हुती. मी काढून घेतली."

व्याह्यांनी नाक ओढले. "पर तू वळाखलंस कसं गं? आबासानला बी कळत नव्हतं."

"तोंडावर दिसतंय की समदं," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. खालच्या अंगठ्याचे नाव त्यांनी घेतले नाही. मीही घेतले नाही. ते दावे त्यांनी आमच्या खुंटीवर अडकवून ठेवले आणि त्या नेसत्या लुगड्यानिशी उठून निघाल्या. माझ्या पत्नीने मागाहून बॅग भरून दिली.

तेव्हापासून जपानी डाव त्यांच्या घरच्या सोप्यात बसतो. विहीणबाई सहाव्या होऊन बसतात, पाने पाहत नाहीत आणि जिंकतात. वर्षभराने कंडक्टरने कधीतरी अंगठ्याचे गुपित फोडले तेव्हा व्याही संतापले आणि त्यांनी जपानातून जाड मोजे मागवले. माझ्या मुलीने तत्परतेने पाठवले. ते तिकडच्या पद्धतीचे निघाले, अंगठ्याला वेगळी खोळ असलेले. चैत्राच्या उन्हात व्याही ते घालून बसत, आणि पांढऱ्या खोळीतला अंगठा आता सोप्याच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसे. असेच मोजे पाठव हे सासूने सुनेला फोनवर सांगितले होते, असे मला नंतर कळले. मुलगी सासरी चांगली रमली आहे याची मला त्या दिवशी खात्री पटली.

गेल्या वर्षापासून विहीणबाईंची नजर अधू झाली आहे. जुना मधुमेह. बारामतीच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शने दिली, पडदा वाचवायचा प्रयत्न केला. कडेचे थोडे दिसते, समोरचे धुरकट. त्याचे त्यांनी फारसे बोलून दाखवले नाही. "मी माझी पानं कवा बघितली हुती?" एवढे म्हणाल्या आणि रविवारी आपल्या जागी बसल्या. परंतु त्या हरू लागल्या. व्याही दोन-तीन रविवार ओळीने जिंकले. कंडक्टर सांगत होता, जिंकल्यावर आबा माफी मागायचे विसरत नाही, पण चहा तसाच टाकून बागेत निघून जातो.

मी मागच्या महिन्यात कोऱ्हाळ्याला गेलो तो रविवार होता. सोप्यात सतरंजी पडली होती. व्याही समोरच्या जागी नव्हते. आपली जागा सोडून विहीणबाईंच्या शेजारी, अगदी लागून बसले होते. मोजे काढलेले. उजवे पाऊल लांब करून त्यांच्या गुडघ्याला टेकवलेले. असे बसणे सोयीचे नसते, शिवाय शेजारच्याला आपली पाने दिसतात. व्याह्यांनी चेहरा दगडाचा केला आणि काप पुढे सारले. अंगठा दोनदा हलला.

"हूल हाय," विहीणबाई म्हणाल्या.

व्याह्यांनी पाने उलटून टाकली. "कसं वळाखतीस गं तू?"

"तोंडावर दिसतंय की."

बाकीचे तिघे आपापल्या पानांत पाहत होते. कंडक्टरने उगाच छताकडे पाहिले. त्यानंतर व्याह्यांनी एकही डाव सरळ खेळला नाही, लागोपाठ हुला दिल्या आणि लागोपाठ हरले. शेवटी उठताना नियमाप्रमाणे वाकायचे म्हणून ते विहीणबाईंपुढे वाकले. जेवढे वाकायला हवे त्याहून बराच वेळ ते तसे राहिले. विहीणबाई पोत्यात काप भरत होत्या, त्यांना ते दिसले नसावे.

मला इंदापूरची गाडी गाठायची होती. मी निघालो.